शंभर हुक

गणित कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य मी विट्याच्या ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं दर जूनमध्ये फळ्यासमोर उभा राहून म्हणत आलो, आणि दर जूनमध्ये मागच्या बाकावरचा कुणी ना कुणी जांभई देत आला. त्या सोमवारी मात्र मी ते मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या लोखंडी बाकावर बसून म्हणालो. ऐकायला एकच विद्यार्थिनी होती आणि ती माझी बायको होती.

"गणित खोटं बोलत नाही, रत्ना. आधी आकडे बघू, मग ठरवू."

रत्नप्रभा पदराआडून काखेतली नळी सावरत बसली होती. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या छातीची डावी बाजू काढून टाकली होती.

"ते बोलतच नाही हो," ती म्हणाली. "बोलता तुम्ही."

रत्नप्रभा लेडीज टेलर होती. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. वीसेक वर्षं गावातल्या बायकांच्या छात्यांची मापं घेतल्यामुळे कुणाचं काय वाढलं, काय उतरलं, हे तिला डॉक्टरांच्या आधी कळायचं. दोघींना तर तिनं फिटिंगच्या वेळीच सांगितलं होतं की, बाई, इथं काहीतरी हाताला लागतंय, जाऊन दाखवून या. दोघी गेल्या आणि वाचल्या. स्वतःचं माप मात्र ती कधी घेत नसे. जुन्या ब्लाउजवरून बेतायची. तिची गाठ तिला सापडली तेव्हा सुपारीएवढी झाली होती.

"लवकर सापडली," डॉक्टर म्हणाले होते. आम्हाला ते लवकर वाटलं नव्हतं, पण त्यांच्या हिशेबात ते लवकर होतं.

नर्सनं रत्नाला नळी काढायला आत नेलं आणि मला एकट्याला डॉ. हिरेमठांच्या खोलीत बोलावलं. पस्तिशीचा, सीमेपलीकडचा, शांत माणूस. त्यांच्या मराठीला कानडी हेल होता, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा किंचित गाण्यासारखी यायची.

"बगा सर, ऑपरेशन चांगलं झालंय. पाच वर्षं गोळ्या घ्यायच्याच, त्यात प्रश्न नाही. प्रश्न केमोचा आहे."

त्यांनी कॉम्प्युटरमधून काढलेला एक इंग्रजी कागद माझ्यापुढे सरकवला. कागदावर एक आडवी पट्टी होती, तिचे तीन रंगांचे तीन तुकडे. शंभर बायका घेतल्या तर दहा वर्षांनी कोण कुठं, असा तो सगळा मामला. एका तुकड्याभोवती त्यांनी पेननं गोल केला आणि मला आकडे समजावले. मला ते लगेच समजले. शक्यता हा माझा आवडता धडा.

"मग घ्यायची का नाही?" मी विचारलं.

"घेतली तर बरोबर. नाही घेतली तरी चूक नाही."

"दोन्ही उत्तरं बरोबर?"

"दोन्ही."

"माझ्या विषयात असं चालत नाही, डॉक्टर."

"माझ्या विषयात रोज चालतं, सर."

तेवढ्यात रत्ना आत आली. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि केमोचे त्रास सांगायला सुरुवात केली. केस जातील, पुन्हा येतील. उलट्यांवर औषध आहे. थकवा येईल. ती मान डोलवत होती. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, काम काय करता?"

"ब्लाउज शिवते."

टेबलावरचं पेन उचलून डॉक्टरांनी परत ठेवलं.

"हातानं पण शिवता?"

"हेम, हुक, काजं, सगळं हातानंच."

"मग एक सांगतो. शेवटच्या चार डोसांत एक औषध असतं. त्यानं बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. बहुतेकींचा काही महिन्यांत जातो."

"आणि बाकीच्यांचा?"

"काहींचा राहतो."

"मी कुठल्यांतली?"

"ते आधी सांगता येत नाही, वहिनी."

रत्नानं दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघितले, घरी विसरले तर नाहीत ना, अशा नजरेनं. "आणि फायदा?"

"फायदा थोडा आहे. पण आहे. सरांना सगळे आकडे दिलेत. ते गणिताचे, माझ्यापेक्षा चांगलं समजावतील. गुरुवारी सांगा मला."

अशा रीतीनं तोटे तिला डॉक्टरांनी सांगितले आणि फायदा सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी कागदाची चार घड्या घालून तो शर्टाच्या खिशात ठेवला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. तासगाव येईपर्यंत पदराचा काठ अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळत होती. तिची ती सवयच. कापडाच्या दुकानातसुद्धा ती रंग नंतर बघायची.

"किती आहे फायदा?"

"घरी गेल्यावर नीट मांडून दाखवतो."

"इथं मांडता येत नाही?"

"शंभर बायका आहेत, रत्ना. या गाडीत मावणार नाहीत."

ती हसली आणि टाके ओढले म्हणून लगेच थांबली. विट्यापर्यंत आम्ही पुन्हा त्या विषयावर बोललो नाही.

मंगळवारी मी कॉलेजातून आलो तर माझी थोरली बहीण आक्का लेंगऱ्याहून येऊन बसली होती. रत्ना कटिंगच्या टेबलाशी उभी राहून मोहरी तोलत होती. हॉस्पिटलवाल्यांनी दाखवलेला रबराचा उभार तिला पसंत पडला नव्हता. तो बघून ती म्हणाली होती, याला बघून कळतं की हा खोटा आहे. म्हणून तिनं मलमलची पिशवी शिवली, आत मोहरी भरली आणि किचनमधल्या काट्यावर दोन-दोन चिमटी कमी-जास्त करत ती उजव्याला जोड आणत होती.

"फोडणीला ठेवलीस का गं काही?" आक्का म्हणाली.

"जिऱ्याची घालते."

"बया, बया. आणि ती केमो का काय ती, घेणार न्हाईस म्हणं?"

"घेणार नाही असं म्हटलं नाही. बघते म्हटलंय."

"बघायचं काय त्यात? डॉक्टर देतोय तर घ्यायचं. बोटांचं काय घेऊन बसलीस? जीव ऱ्हायला पायजे."

"जीव राहिला आणि सुई धरता आली नाही, तर दिवसभर करू काय, आक्का? तुमच्यासारखी लोकांच्या घरी जाऊन बसू?"

आक्का माझ्याकडे वळली. "बघ रे, अजून जीभ शाबूत आहे. म्हणजे बरी व्हईल."

रत्नानं पिशवीचं तोंड शिवून टाकलं, आत जाऊन ब्लाउज घालून आली आणि आमच्यापुढे उभी राहिली. "बघा. आक्का, तुम्ही सांगा, डावं कुठलं?"

आक्कानं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. मी बघितलं आणि वर्गात करतो तसा घसा खाकरून घेतला. आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही. काम चोख होतं.

आक्का गेल्यावर रत्नानं विचारलं, "आज मांडता का?"

"उद्या," मी म्हणालो. "जरा तयारी लागते."

तयारी कसली लागणार? इतक्या वर्षांत मी शक्यतेच्या धड्याची तयारी कधी केलेली नव्हती.

बुधवारी कॉलेजात मी सुट्टी टाकली. रत्ना सकाळपासून एका नवरीचा ब्लाउज घेऊन बसली होती, जांभळ्या शालूवरचा. गळ्याचा हेम घालत होती. मी पलीकडच्या स्टुलावर पेपर धरून बसलो आणि तिच्या हातांकडे बघत राहिलो. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण तिला शिवताना नीट असं मी बघितलंच नव्हतं. नवल म्हणजे ती स्वतःही बघत नव्हती. डोळे रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. डाव्या हाताची दोन बोटं कापड दुमडत पुढं सरकायची आणि सुई त्यांच्या मागून जायची.

"बघत का नाहीस?"

"कशाला? बोटांना कळतं की."

"टोचत नाही?"

"टोचतं ना. टोचायच्या आधी कळतं, म्हणून तर टोचत नाही." तिनं दोरा दातांनी तोडला. "ही शेंडग्यांची पोर बघा कशी चाललीय. कंबर दोन इंच वाढली. आता येईल माझ्याकडे, ब्लाउज आटला म्हणून."

ती आंघोळीला गेली तेव्हा मी कटिंगच्या टेबलावर काळं कापड अंथरलं, हुकांचं पाकीट फोडलं आणि शंभर हुक मोजून बाजूला काढले. ती कपडे धुऊन बाहेर येईपर्यंत माझे तीन ढीग लावून झाले होते.

"एका पाकिटात एकशेचव्वेचाळीस असतात," ती केस पुसत म्हणाली. "उरलेले डब्यात टाका, नाहीतर झाडूत जातात."

"ह्या शंभर बायका," मी म्हणालो. माझा आवाज वर्गातल्यासारखा येत होता. "तुझ्यासारख्याच. एवढीच गाठ, एवढंच वय. हा मोठा ढीग चौऱ्याऐंशींचा. यांना ऑपरेशन आणि गोळ्या पुरतात. केमो नाही घेतली तरी दहा वर्षांनी ठणठणीत."

"बरं."

"या तेरा केमोमुळे वाचतात."

"आणि या तीन?"

"यांचं काही करता येत नाही."

ती टेबलावर वाकली. तीन हुकांतला एक उचलून तिनं उजेडात धरला. "हा वाकडा आहे."

"असू दे. समजण्यापुरतं."

"मी यातली कुठली?"

"ते गणिताला सांगता येत नाही."

"मग सांगता काय येतं?"

"शक्यता."

"म्हणजे तेरातली निघाले तर सगळा फायदा माझा. चौऱ्याऐंशीतली निघाले तर बोटं फुकट गेली."

इतक्या थोडक्यात हे मला बारावीच्या वर्गात कधी सांगता आलेलं नाही. "हो," मी म्हणालो.

तिनं तेरांच्या ढिगावरून बोट फिरवलं. "तेरा?"

"तेरा."

"नक्की ना?"

"गणित आहे ते, रत्ना."

ती हुकांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी शर्टाच्या खिशाला हात लावला, पण तो वेगळा शर्ट होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तिनं तिन्ही ढीग तळहातानं एकत्र केले, टेबलाच्या कडेवरून डब्यात लोटले आणि झाकण लावलं.

"घेऊ मग," ती म्हणाली. "सांगा त्यांना."

एक हुक खाली पडला होता. मी वाकून शोधला, मिळाला नाही.

आठ डोस झाले. केस दुसऱ्या डोसालाच गेले. तिनं उरलेल्या शालूंच्या तुकड्यांतून डोक्याला बांधायचे रुमाल शिवले, त्यामुळे त्या उन्हाळ्यात ती गावातल्या प्रत्येक लग्नाला हजर असल्यासारखी दिसायची. उलट्या झाल्या, तोंड आलं. आक्का येऊन पेज करून घालायची आणि दोघी भांडायच्या. हे सगळं डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमानं आलं आणि त्याच क्रमानं गेलं.

सहाव्या डोसानंतर एकदा आम्ही बाजारातून आलो तर तिच्या एका पायात चप्पल नव्हती. कुठं निघाली, तिला कळलं नव्हतं. मी परत जाऊन शोधून आणली. त्या दिवशी आम्ही दोघं त्यावर पुष्कळ हसलो.

"सहा महिने थांबू," डॉ. हिरेमठ म्हणाले. सहा महिन्यांनी म्हणाले, "वर्ष जाऊ दे." वर्षानं त्यांनी तिची बोटं एकेक करून कापसानं, मग टाचणीनं तपासली. ती डोळे मिटून बसली होती. प्रत्येक वेळी ते विचारायचे, "आता?" आणि ती म्हणायची, "आता काय?"

पुढच्या लग्नसराईत तिनं हट्टानं एका नवरीचा ब्लाउज हातात घेतला. मोतिया रंगाचा. आता ती बघून शिवत होती, चष्मा लावून, नाक कापडाला टेकवून. संध्याकाळी तिनं तो उलटा केला तेव्हा अस्तरावर पाच तांबडे ठिपके होते, ओळीनं, सारख्या अंतरावर. सुई पाच वेळा लागली होती आणि तिला पत्ता नव्हता. तिनं थुंकी लावून डाग काढायचा प्रयत्न केला. मग उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं नवीन कापड आणून मशीनवर ब्लाउज शिवला आणि हातशिलाईला गल्लीतल्या एकीकडे पाठवून दिला. त्यानंतर हातातलं सगळं काम बाहेरच जायला लागलं. सरळ शिवणी तिच्याकडे राहिल्या. भाकरी करताना दोनदा भाजलं, दोन्ही वेळा वासावरून कळलं. आणि कापडाच्या दुकानात ती आता रंग आधी बघायला लागली.

मी निवृत्त झालो ते केमोनंतर पाच वर्षांनी. कॉलेजनं निरोप समारंभ केला. प्राचार्य म्हणाले, सरांनी आयुष्यात एकही गणित चुकीचं मांडलं नाही. टाळ्या झाल्या. मला शाल, श्रीफळ आणि चालू नसलेलं एक घड्याळ मिळालं.

घरी आलो तर रत्ना मशीनवर होती. त्याच महिन्यात तिच्या गोळ्या संपल्या होत्या. मी शाल कटिंगच्या टेबलावर ठेवली, तिथंच, आणि स्टुलावर बसलो.

"मी तुला एक खोटं गणित घातलंय," मी म्हणालो.

मशीन थांबलं नाही. "कुठलं? हुकांचं?"

मी शालीची घडी सारखी केली.

"तेरा आणि तीनचं ना?" ती म्हणाली. "उलटं होतं ते. केमोनं वाचायच्या त्या तीन. आणि काही करता येत नाही त्या तेरा."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही तो शर्ट धुवायला टाकलात की मंगळवारी. मी खिसे बघितल्याशिवाय कपडे भिजवते का कधी?"

"अगं, पण ते इंग्रजीत होतं."

तिनं पायडल सोडलं आणि गळ्यातली टेप काढून माझ्यापुढे धरली. इंच. इंग्रजी आकडे, एक ते साठ.

"ही कशात आहे?" ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी, तीन, तेरा, तिन्ही आकडे छापलेले होते. आणि डॉक्टरांनी गोल कुणाभोवती केला होता? ज्या जायच्याच त्यांच्याभोवती कोण गोल करतं? सगळ्यात बारीक तुकड्याभोवती होता. मी टेप लावून बघितली. एक सूत." तिनं नखावर नख ठेवून दाखवलं. "शिवणीत एक सूत इकडंतिकडं झालं तर गिऱ्हाइकाला कळतसुद्धा नाही. डॉक्टर थोडा म्हणालेच होते. तेराला कुणी थोडा म्हणतं का?"

एकतीस वर्षं मुलांना सांगत आलो की बेरीज जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असं समजू नका. माझी बेरीज जुळली होती. शंभरच हुक होते. मी फक्त दोन ढिगांच्या जागा बदलल्या होत्या. त्या सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी खरे ढीगच लावले होते, शपथेवर सांगतो. पण ते तेरा हुक त्या काळ्या कापडावर एवढे दिसायला लागले, आणि आतून तिच्या तांब्याचा आवाज येत होता. मी नुसती जागा बदलली.

"मग हो का म्हणालीस?"

"तीन म्हणजे काही शून्य नाही, हे मलाही कळतं." तिनं टेप पुन्हा गळ्यात टाकली. "आणि तुमच्याकडे बघितलं. रिकामा खिसा चाचपत होतात. म्हटलं, मी नाही म्हणाले तर हा माणूस माझ्या प्रत्येक खोकल्याला माझ्याकडे बघणार. दहा वर्षं. मला सहन झालं नसतं ते."

"मी नसतो तर?"

"एकटी असते तर नसती घेतली," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

आता दहा वर्षं कधीच उलटून गेली. रत्ना आहे. गेल्या खेपेला मी डॉ. हिरेमठांना विचारलं की ती त्या तिघींतली असेल का. त्यांचे केस पांढरे झालेत, हेल तसाच आहे. ते म्हणाले, "ते कळायला मार्ग नाही, सर." मार्ग नाही, पण हिशेब आहे, आणि तो मी बसमध्येच केला. ती जिवंत आहे म्हणजे सत्त्याऐंशींतली आहे. त्यातल्या चौऱ्याऐंशी केमोशिवायही जगल्याच असत्या. ती खोकली की मी अजूनही बघतो.

गल्लीतली ती बाई लेकाकडे पुण्याला गेली, तेव्हापासून हुक मी लावतो. एका ब्लाउजला सहा. चष्मा लावून बसतो. हात स्थिर नाही, त्यामुळे माझे काही हुक सैल राहतात. मापाला येणाऱ्या जुन्या ब्लाउजांवर मोजून बघितलं, शंभरातले तीन-एक निघून येतात. त्यासाठी कुणी परत येत नाही. बायका तिथं पिन लावतात.